दुसरा कुत्रा दिसला की धावून जाणारा खंड्या : मदत हवी आहे

रानजाई, पुणे · ११ फेब्रुवारी २०२४

नमस्कार. उजवा हात अजून ठणकतोय, टंकलेखनाच्या चुका सांभाळून घ्या.

आमचा खंड्या देशी आहे, नर, नसबंदी झालेली, वजन २२ किलो. एप्रिलमध्ये चार वर्षांचा होईल. मागच्या रविवारी त्याने सोसायटीतल्या एका लॅब्रडॉरचा कान फाडला आणि मी त्याला मागे खेचत असताना माझं मनगट धरलं. चार दात रुतले. घरी येऊन पंधरा मिनिटं साबण लावून हात नळाखाली धरला, मग दवाखाना. खंड्याची रेबीजची लस वेळेवर झालेली आहे, तरी डॉक्टरांनी मला लसीचा पूर्ण कोर्स सुरू केला आणि त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. लॅबच्या उपचाराचा सगळा खर्च आम्ही दिला. त्या घरातल्या काकू जिन्यात भेटल्या की अजूनही आपुलकीने बोलतात, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

घरात ह्याच्याइतकं शहाणं जनावर नाही. सासूबाई सकाळी पोथी वाचतात तेव्हा शेजारी पाय दुमडून बसतो, आरती झाली की उठतो. मुलगा त्याच्या अंगावर डोकं टेकून अभ्यास करतो. पण गेटबाहेर पडल्यावर दुसरा कुत्रा दिसला की हा आमचा खंड्या राहतच नाही. पाठीवरचे केस उभे, शेपूट ताठ, पट्ट्याच्या टोकाला मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकतो.

मागची हकिगत सांगते. जून २०२० मध्ये आणला तेव्हा दोन महिन्यांचा होता. टाळेबंदीचे दिवस. जुलैत पुणं पुन्हा दहा दिवस बंद झालं. त्याच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत आम्ही चौघं, गॅलरी आणि गच्ची, एवढंच त्याचं जग. दीड वर्षाचा असताना गेटजवळ तीन भटक्या कुत्र्यांनी त्याला घेरलं, खांद्याला टाके पडले. त्यानंतर हे सुरू झालं.

गेल्या पावसाळ्यात एक ट्रेनर लावला. तीन आठवडे, रोज पाऊण तास. गळ्यात चोक चेन, गुरगुरला की झटका. तिसऱ्या आठवड्यात गुरगुरणं खरंच थांबलं आणि मी त्या माणसाचे मनापासून आभार मानले. रविवारी खंड्या गुरगुरला नाही, भुंकला नाही. सरळ तुटून पडला.

नवऱ्याचं म्हणणं, गावी शेतावर नेऊन सोडू. मला ते करवणार नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. चार वर्षांचा कुत्रा नव्याने शिकू शकतो का? कुणी स्वतः हे केलं आहे का?

अबोली · ११ फेब्रुवारी २०२४

ताई, आधी हाताची काळजी घ्या. राहिलेल्या तारखांना लस चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून लोक शेवटचा डोस सोडून देतात. खंड्याबद्दल वाचून पोटात कालवलं.

घाटमाथा · १२ फेब्रुवारी २०२४

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. कुत्रा डोक्यावर बसला आहे. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून कुत्री आहेत. एकदा मालक कोण ते कळलं की आयुष्यभर प्रश्न येत नाही. लांडग्यांच्या कळपात एकच म्होरक्या असतो, बाकीचे त्याच्यापुढे लोळण घेतात. तो म्होरक्या तुम्ही व्हायला हवं. पाठीवर पाडून दाबून धरा, दोन-चार वेळा केलं की उतरेल.

पशुवैद्य_कराड · १२ फेब्रुवारी २०२४

रानजाई, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : गुरगुरणं थांबलं आणि मग तो न गुरगुरता चावला. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना, 'मला हे झेपत नाहीये, थांबा.' सूचना दिली की गळ्याला फास बसतो हे तो शिकला, आणि त्याने सूचना देणं सोडलं. भीती आत होती तेवढीच राहिली. उलट वाढली असणार, कारण दुसरा कुत्रा दिसला की मान आवळली जाते हा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का झाला. ती चेन आजच काढून टाका.

घाटमाथा, पाठीवर पाडण्याचा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. घाबरलेल्या कुत्र्याला असं दाबलं की माणसाचा चेहरा त्याच्या दातांपासून वीतभर अंतरावर येतो. अशा जखमा शिवल्या जाताना मी पाहिल्या आहेत. म्होरक्याची गोष्ट आली ती रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून. ते लांडगे पिंजऱ्यातले होते, इकडून तिकडून आणून एकत्र कोंडलेले. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या पुस्तकात तीच कल्पना पुढे नेली, पण नंतर कॅनडातल्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत कितीतरी उन्हाळे काढल्यावर १९९९ मध्ये त्यानेच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, वडील आणि त्यांची पिल्लं. आपल्या सोलापूर-पुण्याच्या माळरानावरचे लांडगेही कुटुंबानेच राहतात.

आता खंड्याचं बघू. पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत नव्या गोष्टींना सगळ्यात जास्त उघडं असतं. त्याचे नेमके तेच दिवस टाळेबंदीत गेले. त्यावर तो हल्ला. हा भीतीतून आलेला राग आहे. नसबंदीने भटकणं आणि नरांमधली काही भांडणं कमी होतात, भीती त्याने जात नाही.

शिकवण्याआधी त्याला दवाखान्यात न्या आणि सगळं अंग चाचपून बघायला सांगा. कान, दाढा, मान, कंबर, जुन्या टाक्यांची जागा. रक्त तपासा, गोचीड तापाची चाचणीही करून घ्या. आपल्याकडे हा आजार फार, आणि अंग मोडून आलेला कुत्रा कुणालाच जवळ येऊ देत नाही. थायरॉईडही बघा. दुखणं तसंच ठेवून शिकवणं म्हणजे पायात काटा असलेल्या पोराला पळायला लावणं.

पायवाट, नाशिक · १३ फेब्रुवारी २०२४

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, शिकतो. माझा शेरा, जर्मन शेफर्ड, पाच वर्षांचा असताना सुरुवात केली. वर्ष लागलं. तो आजही दुसऱ्या कुत्र्यांशी खेळत नाही, पण बाजूने जाऊ देतो. तुम्हीही एवढंच मागा. मैत्री व्हावी हा हट्ट धरलात तर दोघांनाही त्रास होईल.

डॉक्टर म्हणतात ते आधी करा. मग एक वही घ्या. सगळ्यात पहिला प्रश्न : समोरचा कुत्रा किती लांब असताना खंड्या त्याच्याकडे बघतो पण अजून शांत असतो? आणि किती जवळ आला की सुटतो? मी हे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांत मोजायचो. शेरा दोन खांबांवर बघायचा, दीड खांबावर कान ताठ करायचा, एका खांबावर सुटायचा. म्हणजे माझं काम दोन खांबांच्या पलीकडे. अलीकडे गेलो की शिकणं संपलं, तिथे फक्त घाबरणं.

त्या अंतरावर काय करायचं? दुसरा कुत्रा दिसला, खंड्याने पाहिला, की तोंडाने एक ठरलेला शब्द आणि लगेच उकडलेलं चिकन. सुपारीच्या खांडाएवढे तुकडे, पण सलग देत राहायचं. कुत्रा दिसेनासा झाला की चिकन बंद. क्रम उलटा होऊ देऊ नका. मी सुरुवातीला लांबून कुत्रा येताना पाहिला की शेराच्या आधीच खिशात हात घालायचो. आठ दिवसांत त्याला चिकनचाच संशय यायला लागला, खिसा वाजला की तो शत्रू शोधायचा. आधी कुत्रा, मग खाऊ. तो दिसण्यातून हा येतो, हे त्याच्या डोक्यात बसायला हवं.

पट्टा साधा, दोन मीटरचा, आणि सैल. आपल्याला भीती वाटली की हात आपोआप पट्टा आखडतो, आणि ती भीती दोरीतून थेट त्याच्या अंगात उतरते. गळ्याऐवजी छातीवरचा हार्नेस घ्या, खांदा मोकळा ठेवणारा, पुढेही एक कडी असलेला.

आणि पहिले पंधरा दिवस फिरणं बंद ठेवा. शी-शूला पहाटे पाच वाजता, इमारतीच्या मागे, बस. हे लोकांना पटत नाही, पण रोज दोनदा भडकणारा कुत्रा शांत व्हायला मोकळाच होत नाही. त्या पंधरा दिवसांत घरात नाकाचे खेळ. जुन्या गोधडीच्या घड्यांमध्ये खाऊ लपवायचा आणि शोधू द्यायचा. वास घेत फिरणारं कुत्रं निवतं.

पशुवैद्य_कराड · १३ फेब्रुवारी २०२४

पायवाट यांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. दूध तापवताना पातेल्याखाली आच कमी-जास्त होते, पण दूध निवायला वेळ लागतो, तसंच हे. सकाळी फटाका वाजला, दुपारी कुरिअरवाला आला, संध्याकाळी लांबून मांजर दिसली. प्रत्येक वेळी थोडी आच. रात्री एरवी चालला असता असा कुत्रा समोर आला आणि उतू गेलं. मालक म्हणतो, काही कारण नसताना चावला. कारण सकाळपासून साठत होतं. ज्या दिवशी असं काही घडलं असेल त्या दिवशी सराव करू नका.

ओठ चाटणं, भूक वा झोप नसताना जांभई, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अचानक जमीन हुंगायला लागणं, ही सगळी गुरगुरण्याच्या आधीची भाषा. खंड्याचं गुरगुरणं गेलं आहे, त्यामुळे तुम्हाला आता ह्याच खुणांवर चालायचं आहे.

रानजाई, पुणे · २४ फेब्रुवारी २०२४

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही हे कधीच शोधलं नसतं. वरची मागची मोठी दाढ उभी चिरली होती आणि मुळाशी पू होता. बहुतेक हाडं चावून. आमच्या पशुवैद्यांनी भूल देऊन दाढ काढली. मानेवर, चेन बसायची तिथे हात लावला की अंग चोरत होता. कितीतरी महिने हा दुखणं घेऊन फिरत होता आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

वही घेतली आहे. दोन खांबांवर बघतो. दीड खांबावर तोंड मिटतो, श्वास धरल्यासारखा. एका खांबावर संपलं. आमच्या रस्त्यावरचे खांब पावलांनी मोजले, दोन खांब म्हणजे साधारण पन्नास मीटर.

पण माझी अडचण अशी. पन्नास मीटर मोकळा रस्ता पुण्यात आणायचा कुठून? कोपऱ्यावर भटकी कुत्री आहेत. ती आपण ठरवलेल्या अंतरावर थांबत नाहीत, चालत अंगावर येतात. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ परदेशातले, तिथे रस्त्यावर मोकळं कुत्रं दिसतच नाही.

पायवाट, नाशिक · २५ फेब्रुवारी २०२४

हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्यालाच तो सोडवावा लागतो. भिंत असलेली, फाटक लागणारी जागा शोधा. मी ओळखीच्या एका मंगल कार्यालयाचं पार्किंग वापरलं. ज्या दिवशी लग्न नाही त्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं, आणि चातुर्मासात तर महिनोन्महिने मोकळं. शाळेचं मैदान रविवारी, बंद पडलेला पेट्रोलपंप, काहीही चालेल. ओळखीतला एक शांत कुत्रा आणि त्याचा समजूतदार मालक मिळाला की झालं. ते एका टोकाला, तुम्ही दुसऱ्या टोकाला.

रस्त्यावर उभ्या गाड्या तुमच्या कामाच्या. नजर तुटली की अर्धी आच कमी होते, म्हणून गाडीच्या आड व्हायचं. आणि 'चल मागे' असा शब्द घरातल्या पॅसेजमध्ये शंभर वेळा खेळासारखा शिकवा. म्हटलं की गर्रकन वळायचं आणि खाऊ. तो अंगवळणी पडला की भर रस्त्यात चालतो.

बांधावरची_बाभळ, जुन्नर · २६ फेब्रुवारी २०२४

मी शेतकरी आहे, तुमच्यासारखं शास्त्र मला येत नाही. पण ताईंचे मालक म्हणतात 'शेतावर सोडू', त्यावर सांगावंसं वाटलं. शेतावर सोडलेलं शहरातलं कुत्रं टिकत नाही. आमच्या भागात उसात बिबट्या आहे. रात्री मोकळं किंवा साखळीला बांधलेलं कुत्रं त्याला आयतंच मिळतं.

आमचा वाघ्या गोठ्यापाशी साखळीला असायचा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बैलगाड्या, पोरंबाळं, त्यांची कुत्री. सगळी वाघ्याच्या समोरून रस्त्याने जायची. हा दिवसभर साखळी तोडायला बघायचा. दोन हंगामांत इतका कडू झाला की आईलासुद्धा जवळ येऊ देईना. पळून जाता येत नाही, मग जनावर काय करणार, अंगावरच येणार. आम्ही साखळी काढली. रस्त्यापासून लांब, गोठ्याच्या मागे, जाळीचं बंद घर केलं, वरून पत्रा, रात्री कडी. सकाळी लांब दोरीवर कॅनॉलच्या कडेने फिरवतो. टोळीचं कुत्रं लांब दिसलं की अंड्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा. ह्या हंगामात आई त्याला हाताने खाऊ घालते.

घाटमाथा · २७ फेब्रुवारी २०२४

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचल्यावर दोन दिवस विचार केला. आजोबांच्या वेळी आमच्याकडे एक काळं कुत्रं होतं. ते एकदा न भुंकता शेजारच्या माणसाला चावलं आणि मग त्याला संपवलं. ते मार खाल्लेलं कुत्रं होतं. मी तेव्हा लहान होतो, ह्या दोन गोष्टी कधी जोडल्याच नव्हत्या. पाठीवर पाडण्याचा सल्ला मागे घेतो.

अबोली · २ मार्च २०२४

थोडं वेगळं विचारते. आमची कॉकर ताटलीजवळ माझा दीड वर्षांचा मुलगा गेला की गुरगुरते. सासरे म्हणतात, खाताना ताटली काढून घे, म्हणजे सवय होईल.

पशुवैद्य_कराड · २ मार्च २०२४

ताटली काढून घेऊ नका. माझं खाणं ही माणसं पळवतात, हा तिचा संशय तुम्ही खरा ठरवाल. तिला वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू द्या. तुम्ही स्वतः जेवणाजवळून जाताना लांबूनच आणखी चांगला तुकडा टाका आणि पुढे जा. मुलाला ह्यात आणू नका. इतकं लहान मूल आणि कुत्रा, मोठं माणूस हजर नसताना एका खोलीत एक मिनिटही नकोत. आणि ती गुरगुरते हे चांगलं आहे, तिला त्यासाठी रागावू नका.

रानजाई, पुणे · २१ एप्रिल २०२४

दोन महिन्यांचा हिशोब देते.

जागा मिळाली. नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीने एक कार्यालय, आठवड्यातून दोनदा, सकाळी सहा ते पावणेसात. समोर माझ्या मैत्रिणीची म्हातारी लॅब, जिला कशाचंच काही पडलेलं नसतं. पहिल्या दिवशी आम्ही फाटकाशी, ती पार मांडवाच्या टोकाशी. खंड्या बघत होता, मी 'छान' म्हणत होते, चिकन संपत होतं. दहा मिनिटांत थांबलो. घरी येऊन तो चार तास झोपला.

सातव्या खेपेला जे झालं ते मी वहीत लाल शाईने लिहिलं आहे. त्याने लॅबकडे पाहिलं आणि मी काही म्हणायच्या आधीच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जणू विचारत होता, दिसला, आता दे. मला तिथेच रडू आलं. पायवाट, हे तुम्ही आधी सांगितलं नव्हतं!

खाऊचं थोडं. चिकनचा कंटाळा आला तेव्हा मीठ न लावलेल्या सुक्या बोंबलाचे तुकडे काढले, त्यापुढे सगळं फिकं. सासूबाईंच्या हातून पनीर. घरातल्यांना सांगून ठेवलं आहे की मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट ह्याला चुकूनही नाही.

तोंडाला जाळीची टोपली शिकवतो आहोत, रस्त्यावरच्या चुकीसाठी. आधी टोपलीच्या तळाला दही लावायचं, तो स्वतः तोंड घालेल तेवढंच. बांधायला तीन आठवड्यांनी सुरुवात केली, आधी दोन सेकंद, मग पाच. बाजारात मिळणारी कापडी पट्टी मुद्दाम घेतली नाही. ती तोंड आवळून ठेवते, आणि कुत्र्याचं अंग धापा टाकूनच थंड होतं. ह्या एप्रिलच्या उन्हात तोंड बांधलेला कुत्रा उष्माघाताने जाईल. टोपलीत जीभ पूर्ण बाहेर येते, पाणीही पिता येतं.

कोपऱ्यावरच्या तिघांचंही काहीसं जमलं. त्यांना खायला घालणाऱ्या काकूंशी बोलले. त्या आमच्या गेटसमोर घालायच्या, आता पलीकडच्या गल्लीत, ठरलेल्या वेळी घालतात. त्या वेळी आम्ही बाहेर पडतो, रस्ता मोकळा. तिघांचीही नसबंदी झाली आहे, कानाला खाच आहे. कधी त्यातला एखादा अंगावर आलाच तर मूठभर खाऊ त्याच्या दिशेने विखरून टाकते आणि 'चल मागे'. तो वेचत बसतो. आधी मी सगळ्यांसारखी दगड उचलल्याची नक्कल करायचे. भटका पळायचा, पण मी वाकले की खंड्याही अंग चोरायचा. ते सोडलं.

दूरदेशी, म्युनिक · २२ एप्रिल २०२४

फार छान वाचायला मिळतंय. इकडे काही लोक अशा कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळी फीत बांधतात. अर्थ एवढाच की ह्याला जागा हवी आहे, जवळ येऊ नका. पुण्यात कुणाला माहीत नसेल, पण निदान लोक विचारतील तरी.

रानजाई, पुणे · १८ ऑगस्ट २०२४

पिवळी फीत बांधली. दूरदेशी, तुमचं खरं निघालं, लोक विचारतात. वॉचमनकाकांना समजावलं, आता ते दुसरा कुत्रा लिफ्टमधून उतरला की मला हात करतात.

पण सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. एकांनी 'हा कुत्रा काढा' म्हणून लेखी दिलं आहे. कुणाला कायदा नीट माहीत आहे का?

कोर्टकचेरी · १९ ऑगस्ट २०२४

वकील आहे, थोडक्यात लिहितो. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये इतकी काळजी मालकाने घ्यायची आहे. ती जाणूनबुजून वा हलगर्जीपणाने घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे टोपली, पट्टा, मजबूत हार्नेस ही तुमची कर्तव्यं आहेत, आणि ती पाळल्याचा पुरावा तुमच्या वहीत आहे. ती वही, रेबीजच्या लसीचा कागद आणि महापालिकेचा परवाना घेऊन बैठकीला जा. दुसऱ्या बाजूने, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे, त्यामुळे 'खाली बांधून टाका' हा तोडगा कुणी सुचवला तर तो तोडगा नव्हे.

रानजाई, पुणे · २ सप्टेंबर २०२४

वही घेऊन गेले. लॅबवाल्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, माझ्या कुत्रीला चावला होता, तक्रार करायची तर मी करायला हवी, आणि मी रोज गॅलरीतून ह्या बाईला पहाटे पाचला खाली बघते. विषय तिथेच संपला.

रानजाई, पुणे · १० नोव्हेंबर २०२४

दिवाळीने सगळं मागे नेलं. पाच दिवस फटाके. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खंड्या बाथरूममध्ये बादलीमागे थरथरत होता. चौथ्या दिवशी, अर्ध्या खांबावर, एका पामेरियनवर सुटला. टोपली होती म्हणून काही झालं नाही. ऑक्टोबरमध्ये हाच कुत्रा दोन गाड्यांच्या अंतरावरून शांत गेला होता. आठ महिने वाया गेले असं वाटतंय.

पायवाट, नाशिक · १० नोव्हेंबर २०२४

वाया गेले नाहीत. शेराचं दोन दिवाळ्यांत हेच झालं. पुन्हा पंधरा दिवस फिरणं बंद, गोधडी काढा, मग दोन खांबांपासून. ह्या वेळी महिने लागणार नाहीत.

पशुवैद्य_कराड · ११ नोव्हेंबर २०२४

पायवाट म्हणतात ते करा. पण महिन्याभरात तो पूर्वपदावर आला नाही तर औषधाचा विचार करा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं आम्ही अशा कुत्र्यांना देतो. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, आणि ती शिकवण्याच्या जोडीला असतात, बदल्यात नसतात. मात्रा पशुवैद्यच ठरवेल, घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. पुढच्या दिवाळीसाठी आधीच भेटा. फटाक्यांना नुसती गुंगीची गोळी मागू नका, काही गोळ्यांनी अंग ढिलं पडतं आणि कुत्रा आतून तितकाच घाबरलेला राहतो.

रानजाई, पुणे · ९ फेब्रुवारी २०२५

औषध लागलं नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा दोन गाड्यांवर होतो.

आज वर्ष झालं. सकाळी पार्किंगमध्ये लॅबवाल्या काकू आणि त्यांची लॅब अचानक खांबाआडून समोर आल्या, मध्ये एक गाडी, म्हणजे तीन-चार मीटर. माझा श्वास अडकला, पण पट्टा आखडला नाही. खंड्याने तिच्याकडे पाहिलं. आणि गुरगुरला. हळू, एकदाच.

कितीतरी महिन्यांनी ऐकलं मी ते. 'चल मागे' म्हटलं, तो वळला, आम्ही जिन्याकडे गेलो आणि पायरीवर बसून मी त्याला खिशातले सगळे बोंबील दिले. नवऱ्याला फोन करून सांगितलं की खंड्या गुरगुरला. त्यालाही कळलं मी का रडतेय ते.

पशुवैद्य_कराड · ९ फेब्रुवारी २०२५

ताई, आज माझा दिवस चांगला गेला.

नवीनसभासद, संभाजीनगर · १६ फेब्रुवारी २०२५

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आमची देशी मादी, तीन वर्षांची, अगदी हेच करते. काल शेजाऱ्यांच्या पगवर धावून गेली. ट्रेनरने चोक चेन आणायला सांगितली आहे. कुठून सुरुवात करू?

रानजाई, पुणे · १६ फेब्रुवारी २०२५

चेन आणू नका. उद्या आधी दवाखान्यात जा आणि दाढा उघडून बघायला सांगा. मग एक वही घ्या. ती किती खांबांवर बघते आणि किती खांबांवर सुटते, दोन दिवस मोजा आणि इथेच लिहा.